डॅशबोर्डखालची रिकामी जागा

माझ्याकडे जुनी गाडी आहे हे माझ्या फोनला कुठून कळलं देव जाणे, पण कळल्यापासून तो माझ्यापेक्षा गाडीचीच काळजी जास्त करतो. पूर्वी तो मला गुडघ्याचे पट्टे आणि मधुमेहावरचे काढे दाखवायचा. आता गाडीचा रोग ओळखणारी यंत्रं दाखवतो. जाहिरात साधारण ठरलेली. एक लालभडक, उघड्या टपाची, १९६०च्या सुमाराची विलायती गाडी. शेजारी पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. शर्टाला कडक इस्त्री, नखं स्वच्छ, हाताला ग्रीसचा ठिपका नाही. या गाडीचं बॉनेट यांनी जन्मात उघडलेलं नाही, हे कोणीही सांगेल. त्यांच्या हातात तळहातात मावेल एवढं यंत्र, पडद्यावर हिरवी बरोबरची खूण, आणि खाली मजकूर : तुमच्या क्लासिक गाडीला काय होतंय ते तीस सेकंदांत ओळखा. सर्व कंपन्या, सर्व मॉडेल्स. सोबत चामडी पाऊच मोफत.

सगळ्या प्रकरणात क्लासिक काय असेल तर ते पाऊच.

हे यंत्र मुळात कशासाठी जन्माला आलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढची गंमत कळेल. लॉस एंजेलिसच्या आकाशात गाड्यांच्या धुराने इतकी घाण झाली होती, की कॅलिफोर्निया राज्याने गाड्यांच्या कंपन्यांना धारेवर धरलं. गाडीतल्या कॉम्प्युटरने स्वतःवर नजर ठेवावी, धूर वाढवणारा बिघाड झाला तर डॅशबोर्डवर दिवा लावावा आणि काय बिघडलं त्याची नोंद ठेवावी, असा नियम तिथे १९९१च्या मॉडेलपासून आला. १९९६पासून सगळ्या अमेरिकेत ओबीडी नावाची एकच पद्धत ठरली. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट, आणि त्यातून बाहेर येणारे ठरावीक कोड. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग करतोय. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आपलं काम नीट करत नाही. आपल्याकडे ही पद्धत पहिल्या टप्प्यात एप्रिल २०१०पासून आणि पूर्ण रूपात एप्रिल २०१३पासून आली. मालकाची सोय हा तिचा हेतू नव्हताच. सरकारला गाडीवर विश्वास नव्हता, म्हणून गाडीलाच स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावली. त्यातून पुढे मालकाचीही सोय झाली आणि मेकॅनिकचंही भलं झालं, ते निराळं.

म्हणजे हे यंत्र इंजिन तपासत नाही. ते इंजिनावर नजर ठेवणाऱ्या कॉम्प्युटरशी बोलतं आणि त्याने लिहून ठेवलेलं वाचून दाखवतं. आता ज्या गाडीत कॉम्प्युटरच नाही तिला हे यंत्र लावणं म्हणजे जो शाळेतच गेला नाही त्याच्याकडे मार्कशीट मागणं. नापास झाला असं म्हणायचीही सोय नाही.

माझ्याकडे आहे ती प्रीमियर पद्मिनी. कागदोपत्री पद्मिनी; घरात, बिल्डिंगमध्ये आणि गॅरेजमध्ये फियाट. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ साली 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने ती बनू लागली. मूळ इटलीची. १९७०च्या दशकात आधी प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी झाली, आणि आतून फारशी न बदलता शतक उलटेपर्यंत निघत राहिली. १०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. पेट्रोल किती आणि हवा किती हे सोलेक्स कार्बोरेटरच्या पितळी जेटमधली भोकं ठरवतात. ठिणगी कधी पडायची हे डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट ठरवतात, म्हणजे धातूचे दोन छोटे तुकडे, उघडतात आणि मिटतात. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. गाडीतली सगळ्यात आधुनिक वस्तू म्हणजे रेडिओ, आणि तोही वडिलांनी नंतर बसवून घेतलेला.

या गाडीसाठी माझ्या भाच्याने ते यंत्र आणलं. मुलगा हिंजवडीला मोठ्या पगारावर आहे, स्वभावाने प्रेमळ आहे, आणि मामाला काय द्यावं हा प्रश्न त्याला दर भाऊबीजेला पडतो. त्या वर्षी फोनने त्याला उत्तर दिलं होतं.

"मामा, पोर्ट कुठे आहे?"

"कसलं पोर्ट?"

"ओबीडी पोर्ट. स्टिअरिंगखाली असतं. सगळ्या गाड्यांना असतं."

"बघ बाबा. असेल तर मलाही दाखव."

त्याने फोनचा टॉर्च लावला आणि तो उताणा होऊन डॅशबोर्डखाली शिरला. पाय दाराबाहेर. बराच वेळ आतून नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. मग एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. चार आण्याचं नाणं. खोपोलीच्या एका हॉटेलचं बिल, ज्यावरची वडापावची किंमत वाचून त्याने मला दोनदा विचारलं की हे एकाचं आहे की डझनाचं. माझ्या आईचा केसांचा आकडा.

"मामा, इथे काहीच नाहीये. नुसत्या वायरी आहेत."

"तेवढंच असतं रे."

पण यंत्राच्या माहितीपत्रकात याचीही तजवीज होती. जुन्या वाहनांसाठी सोबतची अडॅप्टर वायर वापरा, असं त्यात ठळक छापलेलं. त्या वायरीच्या एका टोकाला सोळा पिनांचं सॉकेट आणि दुसऱ्या टोकाला दोन चिमटे, एक लाल, एक काळा. चिमटे बॅटरीला लावायचे. लावले. यंत्रावर निळा दिवा लागला आणि भाच्याचा चेहरा उजळला. सोळातल्या दोन-तीन पिनांना करंट मिळाला होता. बाकीच्या पिनांना गाडीकडून काही ऐकू येण्याची वाट बघायची होती. फोनवर एक चक्र फिरू लागलं आणि अक्षरं आली : वाहनाशी संपर्क साधत आहे. आम्ही चहा घेतला. संपर्क साधणं चालूच होतं.

शेवटी कंटाळून त्याने कुठलंतरी बटण दाबलं आणि पडदा एकदम जिवंत झाला. इंजिनाचे फेरे २२००, पाण्याचं तापमान ९१, वेग ताशी ६४ किलोमीटर, दोष एकही नाही. भाचा ओरडलाच. तेवढ्यात वॉचमन आला. "चालू झाली का साहेब?" त्याने विचारलं. गाडी बॉनेट वर करून पार्किंगमध्ये थंडगार उभी होती, किल्ली माझ्या खिशात होती, आणि पडद्यावर ती ताशी चौसष्टच्या वेगाने कुठेतरी निघाली होती. त्या ॲपमध्ये नमुना दाखवण्याची एक सोय असते, गिऱ्हाइकाला खरेदीआधी बघता यावं म्हणून. ती चालू झाली होती. इतक्या वर्षांत माझी फियाट इतकी निर्दोष मी पहिल्यांदाच पाहिली.

या स्वस्त यंत्रांची वंशावळही मोठी मजेशीर आहे. कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स नावाच्या छोट्या कंपनीने गाडीची भाषा साध्या कॉम्प्युटरला कळेल अशी करून देणारी एक चिप काढली, ईएलएम ३२७. तिच्या पहिल्या आवृत्तीत नकलेपासून बचावाची सोय नव्हती. झालं, जगभर नकलांचा पूर आला. आज बाजारातल्या कितीतरी नकला विचारलं तर आपली आवृत्ती १.५ असल्याचं सांगतात. एल्मने १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नाही. दुसऱ्याचे दोष सांगणाऱ्याने स्वतःचं गाव खोटं सांगावं, याचं मला फार वाईट वाटत नाही. आपल्याकडे ही जुनी परंपरा आहे.

आमचे मिस्त्री नाना पेठेत बसतात. पत्र्याची शेड, वर कुठल्यातरी ऑइल कंपनीचं विटलेलं कॅलेंडर, आणि भिंतीवर पान्यांच्या बाह्यरेषा रंगवलेल्या, ज्यांच्यावर पाना सोडून बाकी सगळं लटकलेलं असतं. त्यांचं पहिलं यंत्र म्हणजे प्रश्न. गाडी कधी बंद पडते, थंड असताना की तापल्यावर? चढावर की सिग्नलला? झटके देत मरते की गप्पकन? वीस मिनिटं थांबलं तर आपोआप चालू होते का? या प्रश्नांची उत्तरं देता देता निम्मं निदान मालकाच्याच तोंडून होतं, हे मिस्त्री कधी बोलून दाखवत नाहीत. बिलातून तेवढं वजा मात्र करत नाहीत.

मग ते प्लग काढतात. टोक काळं आणि कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढरंफटक असेल तर हवा जास्त. ओलं, तेलकट असेल तर इंजिन तेल खातंय, खर्चाची तयारी ठेवा. बिस्किटी रंग आला तर प्लग परत जागेवर आणि त्या सिलिंडरबद्दल पुन्हा चर्चा नाही. प्लगनंतर लांब स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनाच्या ब्लॉकवर, मूठ कानाच्या हाडावर, डोळे मिटलेले. टॅपेटची टिकटिक कुठली, बेअरिंगची घरघर कुठली आणि नुसतीच पंख्याची पाती कुठे घासतेय, हे ते वेगवेगळं ऐकतात. मीही एकदा कान लावला. मला सगळं एकत्र ऐकू आलं, आणि कानाला ग्रीस लागलं.

इथे जुन्या मिस्त्रींची आरती ओवाळायला सुरुवात करायची पद्धत आहे. ती मी मोडतो. आमच्या मिस्त्रींचा पहिला संशय कायम कार्बोरेटरवर. गाडी घोड्यावर बसवून आणली असती तरी ते म्हणाले असते, "साहेब, जेटमध्ये कचरा आलाय." कार्बोरेटर उघडतो, पेट्रोलने धुतला जातो, तोंडाने फुंकला जातो, बसवला जातो. गाडी होती तशीच. "कचरा होताच पण साहेब," ते कापडावर खरोखरचा कचरा दाखवत म्हणतात. मग पॉइंट. मग कंडेन्सर. कंडेन्सर म्हणजे बोटाच्या पेराएवढी एक डबी, किंमत किरकोळ, आणि नव्वद टक्के वेळा चोर तीच. जुन्या गाडीवाल्यांमध्ये हे सगळे जाणतात, की कार्बोरेटरची तक्रार घेऊन आलेल्या गाडीचा दोष बहुतेकदा इग्निशनमध्ये निघतो. तरी सुरुवात कार्बोरेटरनेच होते. थोडक्यात, कान तयार असला तरी माणूस सवयीचा गुलाम असतो. फरक एवढाच, की मिस्त्री चुकले तर त्यांची चूक दिसते, कापडावर पसरून ठेवलेली असते, आणि संध्याकाळपर्यंत ते खऱ्या जागी पोचतात.

आणि काही दुखणी अशी असतात की त्यांना यंत्रही लागत नाही आणि मिस्त्रीही. खंडाळ्याचा घाट मे महिन्यात चढलेल्या माझ्या पिढीतल्या कोणालाही हे सांगायला नको. गाडी तापायची, पेट्रोलच्या नळीत पेट्रोलची वाफ व्हायची, आणि इंजिनाच्या अंगाला बसवलेला तो डायफ्रामचा पंप वाफ ओढू शकायचा नाही. त्याला पेट्रोल ढकलायची सवय. गाडी मरायची. मग रस्त्याच्या कडेला बॉनेट वर, पंपावर ओलं फडकं, आणि सगळ्या कुटुंबाने दरीकडे तोंड करून बसायचं. आई डबा उघडायची. वडील फडक्यावर अधूनमधून पाणी शिंपडायचे आणि दर खेपेला घड्याळ बघायचे. फडकं कोरडं व्हायच्या आत गाडी चालू व्हायची. दुखण्याचं नाव 'व्हेपर लॉक' आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. उपाय मला आठव्या वर्षीच माहीत होता.

यावरून मी यंत्रविरोधी आहे असं कोणी समजू नये. जुन्या गाडीसाठी उत्तम यंत्रं आहेत आणि त्यांच्यावर माझं प्रेम आहे. टाइमिंग लाइट घ्या. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या वायरीला चिमटा लावायचा. ठिणगी पडते त्याच क्षणी हातातली बत्ती लुकलुकते. फिरणाऱ्या पुलीवरची खूण त्या लुकलुकाटात स्थिर उभी दिसते, आणि डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला की खूण सरकते. इंजिन जोरात फिरतंय आणि त्याच्यावरची एक रेघ तुमच्यासाठी थांबलीय, हे बघायला मी अजूनही शेजाऱ्यांना बोलावतो. ते एकदाच येतात. दुसरं एक यंत्र इंग्लंडच्या गनसन कंपनीचं, कलरट्यून. ते म्हणजे काचेची खिडकी असलेला प्लग. नेहमीचा प्लग काढून तो बसवायचा, इंजिन आयडलिंगवर ठेवायचं, सावली करायची आणि सिलिंडरच्या आत पेटणारी ज्योत डोळ्यांनी बघायची. पिवळी, नारिंगी असेल तर पेट्रोल जास्त. कार्बोरेटरचा स्क्रू हळूहळू फिरवत न्यायचा, ज्योत स्वच्छ निळी झाली की थांबायचं. इंजिनाच्या पोटातली आग बघायला मिळणं ही लहानसहान गोष्ट नाही. या दोन्हींना ॲप नाही. चामडी पाऊचही नाही.

या यंत्रांत आणि भाच्याच्या यंत्रात जो फरक आहे तो मला महत्त्वाचा वाटतो. ही तुमचे डोळे मोठे करतात. बघायचं, ठरवायचं आणि स्क्रू फिरवायचा तुम्हीच. भाच्याचं यंत्र तुम्हाला सांगतं की तुम्ही बघू नका, मी निकाल देतो. नव्या गाडीत ते खरंच निकाल देऊ शकतं, कारण तिथे इंजिनाभोवती सेन्सर बसवलेले असतात आणि ते इमानेइतबारे नोंदी करतात. माझ्या मुलीच्या गाडीला मी स्वतः ते यंत्र लावून बघितलंय आणि त्याने ऑक्सिजन सेन्सरची तक्रार बरोबर सांगितली. पद्मिनीत सेन्सर म्हणजे चालवणाऱ्याचं नाक.

जुन्या गाडीत सॉकेट बसवण्याचा प्रयत्न कोणी केलाच नाही असंही नाही. फोक्सवॅगनने १९७१ साली आपल्या बीटलमध्ये, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या, कार्बोरेटरवर चालणाऱ्या त्याच बीटलमध्ये, इंजिनापाशी एक मोठं गोल सॉकेट दिलं होतं. वर्कशॉपमधला जाडजूड कॉम्प्युटर त्याला जोडला, की तो बॅटरी, इग्निशन, कॉम्प्रेशन अशा गोष्टी तपासून कागदावर निकाल छापून द्यायचा. ते चालायचं, कारण कारखान्यातच त्या सॉकेटपासून ठिकठिकाणी वायरी नेलेल्या होत्या. विचारायच्या आधी ऐकायची व्यवस्था केलेली होती. आजच्या जाहिरातवाल्यांनी बीटलचा फोटो टाकला तर मी एकवेळ गप्प बसेन.

बॅटरीवर बसवायचं एक ब्लूटूथ यंत्रही माझ्याकडे आलं, भाऊबीजेच्या पुढच्या खेपेला. ते व्होल्टेज फोनवर कळवतं. उभी राहणाऱ्या गाडीला हे तत्त्वतः उपयोगी आहे. भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी संपली. फक्त ते यंत्र स्वतः त्याच बॅटरीवर जगतं. गाडी महिनाभर जागची हलली नाही, तर बॅटरी उतरतेय हे सांगत सांगत तेही तिच्यातलं थोडं थोडं पितं. रात्री दोन वाजता माझा फोन वाजतो आणि कळतं की फियाट १२.१वर आलीय. त्या वेळी मी करायचं काय? सकाळी उठून गाडी वीस मिनिटं फिरवून आणली, तर तेवढंच काम होतं. तेही रात्रीची झोप घालवल्याशिवाय. आणि असलं यंत्र एखाद्या जुन्या मॉरिस मायनरला लावताना जपून. त्या ब्रिटिश गाड्यांत अर्थिंग पॉझिटिव्हचं असतं. लाल-काळ्याची नेहमीची सवय तिथे उलटी पडते आणि यंत्राचा धूर आधी निघतो.

मग ती आवाज ऐकून दोष सांगणारी ॲप्स. एकाला मी इंजिन ऐकवलं. नेमक्या त्याच वेळी पहिल्या मजल्यावर मिक्सरमध्ये चटणी वाटली जात होती. ॲपने मला बेअरिंग तातडीने बदलायला सांगितलं. कोणाचं, ते सांगितलं नाही.

पेट्रोल वाचवणारी काडेपेटीएवढी डबी ही या सगळ्यांची आजी. सिगारेट लायटरच्या खोबणीत किंवा त्या सोळा पिनांत खोचायची, गाडी 'शिकते' आणि मायलेज वाढतं. हौशी इंजिनिअरांनी अशा डब्या उघडून बघितल्या तर आत एक चिप आणि लुकलुकणारे दिवे. गाडीच्या कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या पिना कुठे जोडलेल्याच नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने वर्षानुवर्षं पेट्रोल वाचवणारी शंभराहून अधिक साधनं तपासली; मायलेज मोठं वाढवणारं एकही सापडलं नाही. पद्मिनीच्या मालकाने ती डबी लायटरमध्ये खोचली तर निदान दिवा लागतो. माझ्या गाडीत रात्री आतला दिवा लागत नाही, त्यामुळे त्या डबीचा उपयोग नाही असं म्हणणार नाही.

आणि या सगळ्या गोंगाटात जुन्या गाडीला सध्या खरोखर जे होतंय ते यातलं एकही यंत्र सांगत नाही. ते पेट्रोलमध्ये आहे. आपल्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटमधून तेवढंच इंधन गेलं तरी मिश्रण पातळ पडतं. गाडी सकाळी कुरकुरते, पिकअप घेताना अडखळते. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेतं, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या रबराला ते सोसत नाही. पंपाचा डायफ्राम, नळ्या, कार्बोरेटरमधली सीलं, सगळं हळूहळू फुगतं किंवा चिरा पडतात. तुमच्या गाडीखाली पेट्रोलचा वास येत असेल तर आधी नळ्या बदला. ही माहिती कुठल्याही पडद्यावर येणार नाही, कारण ती देण्यात कोणाचं काही विकलं जात नाही.

लोक तरी ही यंत्रं का घेतात, हे मला भाच्याकडे बघून थोडं कळलं. ती गाडीसाठी नसतातच. गाडी मध्येच बंद पडेल आणि आपल्याला काही कळणार नाही, या भीतीसाठी असतात. पूर्वी ती भीती मिस्त्री वाटून घ्यायचे. दर दोन गल्ल्यांआड एक फियाटवाला असायचा, आणि तो टिकून होता मुंबईच्या टॅक्सींमुळे. हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी रोज धावत होत्या तोवर पॉइंट, कंडेन्सर, जेट, डायफ्राम सगळं कुर्ल्याच्या बाजारात ढिगाने मिळायचं आणि हातही तयार व्हायचे. ३० ऑक्टोबर २०२३पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावर अधिकृतपणे उरल्या नाहीत. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोकांनी डोळे पुसले. त्यांच्याबरोबर गॅरेजंही चालली, पण त्यांचे फोटो कोणी काढले नाहीत. आमच्या मिस्त्रींचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. चांगलं करतो. त्यालाच मी त्या निळ्या दिव्याच्या यंत्राबद्दल विचारलं, तर त्याने ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाला, "काका, केबल छान आहे याची. चार्जिंगला नाही का चालणार?"

यंत्र घ्यायचंच असेल तर पैसे भरण्याआधी डॅशबोर्डखाली हात घालून सोळा पिनांचं सॉकेट आहे का ते चाचपून बघा. नसेल तर त्या पैशांत टाइमिंग लाइट, पॉइंटची फट मोजणारा फीलर गेज आणि दोन जादा कंडेन्सर येतात. ते घ्या. आणि तुमच्या गावात फियाट, अँबेसेडर कळणारे मिस्त्री अजून शेडमध्ये बसत असतील, तर या रविवारी काही बिघडलेलं नसतानाही गाडी घेऊन त्यांच्याकडे जा. घरातल्या एखाद्या पोराला बरोबर न्या. ते डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढतील तेव्हा बाजूला उभं राहून फोनवर बोलू नका, वाकून बघा. पॉइंटची फट कशी लावायची हे शिकायला एक दुपार पुरते. चहा मात्र तुम्ही सांगा.